मात्रा आणि माप : मांजराच्या मधुमेहावरील घरगुती इन्सुलिन-उपचाराचा इतिहास

मधुमेहाचे निदान नुकतेच झालेल्या मांजरासाठी पशुवैद्य जी चिठ्ठी लिहून देतो, तिच्यात बहुधा एकच लहानसे वाक्य असते : सकाळी एक एकक, संध्याकाळी एक एकक. वाक्य दिसावयास अत्यंत सुबोध आहे. परंतु त्यातील ‘एकक’ ह्या शब्दाचा अर्थ चिठ्ठीत नसतो. तो काही अंशी औषधाच्या कुपीवर छापलेला असतो, काही अंशी सिरिंजवरील रेघांत दडलेला असतो, आणि उरलेला अंश गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात विखुरलेला आहे. हे तीन अंश घरात, सुई धरणाऱ्या हाताशी, एकत्र यावे लागतात. ते नीट एकत्र आले नाहीत तर चार-पाच किलो वजनाच्या प्राण्याला अडीच पट औषध जाऊ शकते. मांजराच्या मधुमेहावरील घरगुती उपचाराचा इतिहास हा म्हणूनच मुख्यत्वे मापाचा इतिहास होय. औषध १९२२ मध्येच माणसाच्या हाती आले. ते मोजावे कसे, आणि त्याचा परिणाम कोठे बसून मोजावा, हे ठरावयास मात्र पुढील ऐंशी वर्षे लागली.

१. नावे आणि निरीक्षणे

ह्या रोगाची सर्व जुनी नावे घरगुती निरीक्षणातून निघालेली आहेत. ‘मधुमेह’ ह्या संस्कृत शब्दात मधासारख्या मूत्राचा निर्देश आहे. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगून मधुमेहाची गणना वातज प्रमेहांत केली आहे, आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धाव घेतात ही गोष्टही प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. ग्रीक ‘डायबेटीस’ ह्या शब्दाच्या मुळाशी ‘आरपार वाहून जाणे’ हा अर्थ आहे. कॅपाडोशियाचा वैद्य अरेटेयस ह्याने तो उलगडताना वक्रनलिकेची उपमा योजली : प्यालेले पाणी देहात थांबत नाही, नळीतून जावे तसे निघून जाते. एका भाषेने चव पाहिली, दुसरीने प्रवाह पाहिला. इंग्लंडात टॉमस विलिस ह्याने १६७४ मध्ये मूत्राच्या गोडीची नोंद केली आणि मॅथ्यू डॉब्सन ह्याने १७७६ मध्ये ती गोडी साखरेची आहे हे दाखविले. तेव्हा कोठे ही दोन निरीक्षणे पाश्चात्त्य वैद्यकात एकत्र नांदू लागली.

मांजराच्या बाबतीतही रोगाची पहिली चाहूल घरातच लागते. पाण्याचे भांडे लवकर रिकामे होऊ लागते, विष्ठा-मूत्रासाठी ठेवलेल्या तबकातील वाळूचे गोळे मोठे होतात, भूक वाढूनही पाठीचा कणा हाताला लागू लागतो. काही मांजरे मागील पायांच्या टाचा जमिनीला टेकून चालू लागतात. मधुमेहाने मज्जातंतूंना पोचलेल्या इजेचे ते लक्षण असते. रोग प्रथम दिसतो तो घरच्यांना. प्रयोगशाळा त्यावर नंतर शिक्कामोर्तब करते. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण उपचाराच्या इतिहासात तो दीर्घकाळ उलटा झालेला होता.

‘इन्सुलिन’ हे नाव मात्र निराळ्या जातीचे आहे. ते निरीक्षणातून नव्हे, अनुमानातून जन्मले. पाउल लांगरहान्स ह्याने १८६९ मध्ये स्वादुपिंडातील वेगळ्या पेशींचे पुंजके प्रथम वर्णिले. त्यांना लांगरहान्सची ‘बेटे’ हे नाव १८९३ मध्ये फ्रेंच संशोधक लागेस ह्याने दिले. बेटाला लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणतात. त्यावरून १९०९ मध्ये बेल्जियन संशोधक द मेयर ह्याने, आणि स्वतंत्रपणे शार्पी-शेफर ह्याने १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, ह्या बेटांतून पाझरत असावा अशा पदार्थाला ‘इन्सुलिन’ म्हणावे असे सुचविले. पदार्थ हाती येण्यापूर्वीच त्याचे नाव तयार होते. नावाला वस्तू मिळाली. पण वस्तूला माप मिळावयाचे होते.

२. सशाच्या देहातून निघालेले एकक

स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे मिंकोव्हस्की आणि फोन मेरिंग ह्यांनी १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे सिद्ध केले. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी मॅक्लिऑडच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क कुत्र्यांवर वापरून पाहिला. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉमसन ह्याला तो प्रथम टोचण्यात आला, आणि त्याच महिन्यात कॉलिप ह्याने शुद्ध केलेल्या अर्काने त्याची रक्तशर्करा स्पष्टपणे खाली आली.

आता प्रश्न उभा राहिला तो व्यवहाराचा. अर्क वजनाने मोजता येत नव्हता, कारण एका घाण्यातील अर्क आणि दुसऱ्या घाण्यातील अर्क ह्यांची शुद्धता सारखी नव्हती. तेव्हा मापाचे काम जिवंत देहाकडे सोपविण्यात आले. चोवीस तास उपाशी ठेवलेल्या, दोन किलो वजनाच्या सशाची रक्तशर्करा ठरावीक अवधीत शेकडा ०.०४५ पर्यंत, म्हणजे झटके येण्याच्या पातळीपर्यंत, खाली आणणारी मात्रा हे टोरांटोचे मूळ एकक होते. रुग्णांसाठी ते फार मोठे ठरल्याने त्याचा एक-तृतीयांश भाग पुढे व्यवहारात आला. १९२५ मध्ये राष्ट्रसंघाच्या आरोग्यसंघटनेच्या विद्यमाने पहिला आंतरराष्ट्रीय प्रमाण-नमुना मान्य झाला, आणि त्याच्या एका मिलिग्रॅममध्ये आठ एकके आहेत असे ठरविण्यात आले. आज शुद्ध मानवी इन्सुलिनच्या ०.०३४७ मिलिग्रॅमला एक एकक म्हणतात. ससा केव्हाच बाजूला झाला. त्याच्या देहातून निघालेली संख्या मात्र राहिली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. एकक हे आकारमानाचे माप नाही. चमचा, थेंब, मिलिलिटर ही जागा व्यापणारी मापे होत. एकक हे सामर्थ्याचे माप आहे. मराठीत ‘मात्रा’ हा शब्द औषधाचे प्रमाण आणि उच्चाराला लागणारा काळ ह्या दोहोंसाठी चालतो, आणि संदर्भ त्यातील कोणता अर्थ घ्यावयाचा ते सांगतो. ‘एकक’ ह्या शब्दाला असा संदर्भ पुरविणारी वस्तू म्हणजे सिरिंज. गोंधळाची सुरुवातही तेथेच झाली.

३. रेघ आणि एकक

प्रारंभीचे इन्सुलिन विरळ होते. एका मिलिलिटरमध्ये दहा वा वीस एकके असत. रुग्णाला मोठाले द्रव टोचून घ्यावे लागू नयेत म्हणून १९२० नंतरच्या दशकातच चाळीस आणि ऐंशी एककांच्या कुप्या बाजारात आल्या. त्यांना यू-४० व यू-८० म्हणू लागले. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ एकाच जातीची सिरिंज प्रचारात होती. तिच्यावर प्रत्येक मिलिलिटरला वीस रेघा असत. यू-४० कुपीतून घेतल्यास तिची एक रेघ म्हणजे दोन एकके, आणि यू-८० कुपीतून घेतल्यास तीच रेघ म्हणजे चार एकके. ‘रेघ’ आणि ‘एकक’ हे दोन शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येऊ लागले, आणि दवाखान्यातील ‘दहा’ व घरातील ‘दहा’ ह्यांचा अर्थ भिन्न होऊ लागला. हा घोळ संपविण्यासाठीच शंभर एककांचे एकच प्रमाण पुढे आले. अमेरिकेत ते १९७० नंतरच्या दशकात रूढ झाले, ब्रिटनने ते १९८३ मध्ये स्वीकारले.

परंतु जगाने हे स्थित्यंतर एकाच वेळी केले नाही, आणि दोन ठिकाणी यू-४० टिकून राहिले. पहिले ठिकाण पशुवैद्यक. कुत्र्या-मांजरांसाठी तयार होणारे डुकराच्या स्वादुपिंडापासूनचे लेंटे इन्सुलिन, आणि मांजरांसाठी अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळालेले प्रोटामिन-झिंक इन्सुलिन, ही दोन्ही मिलिलिटरला चाळीस एकके ह्या प्रमाणात येतात. लहान देहाला लागणारी अल्प मात्रा विरळ द्रवातून अधिक अचूक मोजता येते, हा ह्या प्रमाणाचा उघड लाभ होय. दुसरे ठिकाण भारत. येथे माणसांसाठीच्या नेहमीच्या इन्सुलिनच्या कुप्या चाळीस एककांच्या असतात, तर ग्लार्जिनसारखी नवी इन्सुलिने शंभर एककांची असतात. त्यामुळे पुण्यामुंबईच्या औषधविक्रेत्याकडे दोन्ही प्रकारच्या सिरिंजा मिळतात : लाल टोपणाची यू-४० साठी, नारिंगी टोपणाची यू-१०० साठी. हे दोन रंग घाईत एकमेकांसारखे दिसतात.

हिशेब साधा आहे. यू-४० द्रवाचे एक एकक ०.०२५ मिलिलिटर जागा व्यापते. यू-१०० द्रवाचे एक एकक ०.०१ मिलिलिटर. ग्लार्जिन जर लाल टोपणाच्या सिरिंजेत ‘१’ ह्या खुणेपर्यंत ओढले, तर मांजराच्या देहात अडीच एकके जातात. उलट यू-४० इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजेत ‘१’ पर्यंत ओढले, तर अवघे ०.४ एकक जाते. मग मांजराची साखर का उतरत नाही ह्याचा शोध आहारात, आजारात, सर्वत्र घेतला जातो, फक्त टोपणाच्या रंगाकडे कोणी पाहत नाही. माणसाच्या वीस-तीस एककांच्या मात्रेत एका एककाची चूक पुष्कळदा खपून जाते. मांजराची संपूर्ण मात्राच एका एककाची असते. कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकच आहे ह्याची खातरजमा हीच म्हणून घरगुती उपचाराची पहिली पायरी ठरते.

४. मांजराचा मधुमेह

मांजराला होणारा मधुमेह कुत्र्याच्या मधुमेहापेक्षा माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला अधिक जवळचा आहे. त्यात इन्सुलिन सर्वस्वी नाहीसे झालेले नसते. लठ्ठपणा, उतारवय, स्टेरॉइडांचा वापर अशा कारणांनी देह त्याला दाद देईनासा होतो आणि बेटांतील पेशी थकत जातात. ह्या साम्याचा मानवी वैद्यकालाही उपयोग झाला. रोगग्रस्त बेटांत साठणारा ॲमिलॉइड नावाचा पदार्थ कशाचा बनलेला असतो, हे १९८७ मध्ये स्वीडनच्या वेस्टरमार्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उलगडले. त्यासाठी त्यांनी अभ्यासलेल्या ऊतींत मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडाचा समावेश होता.

थकलेल्या पेशी अद्याप मेलेल्या नसतात, ह्यातच आशेचे कारण आहे. रक्तातील अतिरिक्त साखर ह्या पेशींना स्वतःच विषासारखी बाधते. ती लवकर खाली आणली तर पेशींना विसावा मिळतो, आणि पुष्कळ मांजरांत इन्सुलिन पुढे थांबविताही येते. माणसाच्या बाबतीत इन्सुलिन सुरू होणे म्हणजे ते जन्मभराचे, असा समज रूढ आहे. मांजराच्या घरगुती उपचाराचे उद्दिष्ट मात्र उपचारातून सुटका हेही असू शकते.

कोणते इन्सुलिन वापरावयाचे हे मांजराच्या सोयीने क्वचितच ठरले. सँगर ह्याने १९५५ पर्यंत गायीच्या इन्सुलिनची संपूर्ण रचना उलगडली. पुढे असे दिसून आले की मांजराचे इन्सुलिन गायीच्या इन्सुलिनहून एकाच अमिनो आम्लाने भिन्न आहे, तर माणसाच्या इन्सुलिनहून चारांनी. म्हणजे रचनेने मांजराला सर्वांत जवळचे होते ते गायीचे इन्सुलिन. परंतु १९८२ मध्ये जीवाणूंकडून तयार करविलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले, आणि शतकाच्या अखेरीस गोजन्य इन्सुलिन बहुतेक देशांत मागे पडले. मांजरांना माणसांच्या पेठेत जे उरले त्यावर भागवावे लागले. सुदैवाने २००० मध्ये मान्यता मिळालेले ग्लार्जिन त्यांना चांगले मानवले. मांजराच्या देहात इन्सुलिन माणसापेक्षा लवकर संपते. म्हणून माणसाला बहुधा दिवसातून एकदा दिले जाणारे हे औषध मांजराला दर बारा तासांनी द्यावे लागते.

५. मोजमाप घरी येते

इन्सुलिन टोचण्याचे काम घराकडे आरंभीच आले होते. बॉस्टनमध्ये जॉस्लिन ह्याने, आणि लंडनमध्ये स्वतः मधुमेही असलेल्या लॉरेन्स ह्याने, रुग्णांना स्वतः टोचून घेण्यास शिकविले. काचेची सिरिंज उकळणे, सुईला धार लावणे ही स्वयंपाकघरातील कामे झाली. मोजमाप मात्र लघवीपुरतेच घरी होते : बेनेडिक्टच्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते तापवावयाचे आणि निळ्यापासून विटकरी रंगापर्यंतच्या छटांवरून साखरेचा अंदाज करावयाचा. रक्ताच्या थेंबावरून साखर दाखविणाऱ्या पट्ट्या १९६० नंतरच्या दशकात निघाल्या, आणि लहान मापकयंत्रे १९८० च्या सुमारास मानवी रुग्णांच्या घरी पोचू लागली.

मांजरासाठी लघवीची साक्ष अपुरी होती. माणसाच्या लघवीत साखर उतरू लागते ती रक्तशर्करा शंभर मिलिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेल्यावर; मांजरात हा उंबरठा साधारणतः २५० ते ३०० चा असतो. शिवाय लघवी मागील काही तासांचा गोषवारा सांगते. साखर ह्या क्षणी घातक इतकी खाली आली आहे काय, हे ती सांगू शकत नाही. मांजराला दवाखान्यात दिवसभर ठेवून दर दोन तासांनी रक्त तपासण्याची पद्धत म्हणून रूढ झाली. पण तिच्यातही एक मूलभूत दोष होता. परक्या जागी, कुत्र्यांच्या आवाजात भेदरलेल्या मांजराची साखर भीतीनेच चढते, आणि पुष्कळदा ते अन्नालाही तोंड लावीत नाही. जो आकडा मिळे तो मधुमेहाचा किती आणि भीतीचा किती, हे सांगणे अवघड होई. अशा आकड्यावरून मात्रा वाढविली जाई.

ही कोंडी फोडली झुरिकच्या पशुवैद्यकीय विद्यालयाने. मांजराच्या कानाच्या कडेला टोचून केशवाहिन्यांतील रक्ताचा थेंब घेता येतो आणि लहान मापकयंत्रावर तो तपासता येतो, हे क्लाउडिया रॉयश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविले. हे काम मांजर पाळणाऱ्यांना घरीच जमते हेही त्यानंतरच्या काही वर्षांत दिसून आले. कान उबदार कापडाने शेकावयाचा, कडेला सुई टोचावयाची, थेंब पट्टीला लावावयाचा, आणि मांजराला खाऊ द्यावयाचा : एवढ्यात काम होते. माणसांसाठी बनविलेले मापकयंत्र मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा काहीसा कमी दाखविते, कारण साखरेची रक्तद्रव आणि रक्तपेशी ह्यांतील वाटणी दोघांत सारखी नसते. म्हणून यंत्र मध्येच बदलू नये, असा संकेत पडला. त्वचेवर बसवून सतत वाचन देणारी, २०१४ नंतर प्रचारात आलेली उपकरणेही आता मांजरांसाठी वापरली जातात.

मोजमाप घरी आल्याने काय साधले, ह्याचा पुरावा २००९ मध्ये रूम्प आणि रँड ह्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी अभ्यासलेल्या ५५ मांजरांचे पालक घरीच रक्त तपासून ग्लार्जिनची मात्रा बारकाईने ठरवीत. त्यांपैकी ६४ टक्के मांजरांचे इन्सुलिन थांबविता आले. निदानापासून सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू झाली असेल तेथे हे प्रमाण ८४ टक्के होते; त्यानंतर सुरू झाली असेल तेथे ते ३५ टक्क्यांवर आले. अभ्यास लहान होता आणि पालक विशेष दक्ष होते, हे मान्य करूनही ह्या दोन आकड्यांमधील अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. निदानानंतरचे पहिले सहा महिने हा मांजराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा काळ ठरला.

६. घरातील शिस्त

तोच काळ सर्वांत धोक्याचाही असतो. पेशी सावरू लागल्या की मांजराचे स्वतःचे इन्सुलिन वाढते, आणि कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज अधिक ठरते. साखर फार उतरली तर मांजर मलूल होते, झोकांड्या खाते, त्याला झटके येतात आणि प्रसंगी ते दगावते. सुरुवातीची मात्रा बहुधा एका एककाची, फार तर दोनांची ठेवतात, आणि मात्रेतील प्रत्येक बदल अर्ध्या-एका एककाचा व काही दिवसांच्या अंतराने करतात, ह्यामागे हे कारण आहे. चढलेली साखर आठवड्यात उतरविता येते. अतिरिक्त मात्रेला काही तासही पुरतात.

घरात रूढ झालेले बाकीचे नियमही ह्याच अनुभवातून आले आहेत. सुई टोचताना मांजर निसटले आणि औषध आत गेले की केसांवर सांडले हे कळले नाही, तर पुन्हा टोचावयाचे नाही. एक वेळ चुकल्याने मांजर क्वचितच दगावते, दुहेरी मात्रेने दगावू शकते. मांजराने खाणे टाकले असेल तर नेहमीची मात्रा देण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावयाचे. घरात मध किंवा साखरेचा पाक हाताशी ठेवावयाचा, आणि साखर उतरल्याची लक्षणे दिसताच तो हिरड्यांना चोळून तडक दवाखाना गाठावयाचा. कुपी शीतपेटीत ठेवावयाची, पण गोठू द्यावयाची नाही. आहारात पिष्टमय पदार्थ कमी आणि मांसल प्रथिने अधिक ठेवावयाची. मात्र आहार बदलला की साखर उतरते, म्हणून तो बदल पशुवैद्याला कळवूनच करावयाचा. आणि एका वहीत वेळ, टोचण्यापूर्वीची साखर, दिलेली मात्रा, खाल्लेले अन्न व प्यालेले पाणी ह्यांची नोंद ठेवावयाची. घरात एकाहून अधिक माणसे सुई देत असतील तर ही वहीच दोघांनी दोनदा टोचण्याचा अनर्थ टाळते.

अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी तोंडाने द्यावयाची दोन औषधे मान्य झाली. ती साखर मूत्रावाटे बाहेर टाकतात. ती अन्यथा निरोगी असलेल्या आणि पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहेत, आणि त्यांनाही रक्तात आम्ले साठण्याच्या धोक्यामुळे दक्षतेची जोड लागतेच. सुई गेली तरी मोजणे जात नाही.

बेटांवरून पडलेले नाव, सशाच्या देहावरून पडलेले एकक, आणि गोंधळ टाळण्यासाठी बदललेल्या पण सर्वत्र न बदललेल्या सिरिंजवरील रेघा, हे सर्व आज एका चिठ्ठीतील दोन शब्दांत सामावलेले आहे. त्या दोन शब्दांचा अर्थ दवाखाना एकटा पुरा करू शकत नाही. ‘एक एकक’ लिहिताना पशुवैद्याने कुपीचे प्रमाण आणि सिरिंजचा प्रकारही लिहावा, आणि चिठ्ठी घेणाऱ्याने ते लिहिलेले नसल्यास विचारल्याखेरीज दवाखान्याची पायरी उतरू नये. शंभर वर्षांच्या मापाच्या इतिहासातून निघणारा व्यवहारापुरता निष्कर्ष एवढाच आहे. मांजराचे प्राण बहुधा त्यावरच अवलंबून असतात.